हिरामणने उचललेल्या अकरा मूर्ती

पेणजवळच्या आमच्या जोहे गावात माणसाची तब्येत त्याच्या हातावरून ठरते. ताप असो, घरात भांडण असो, आखणीला बसलेल्या माणसाचा हात हलला नाही तर तो बरा आणि हलला तर आजारी. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे, भुवया आणि गंध. सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी काढायची ही बारीक रेघ. ती चुकली की चेहरा बिघडतो आणि महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. मी तीस वर्षं मूर्तींचा कारखाना चालवतोय आणि माझ्याकडची माणसं मी याच मापाने मोजत आलो. म्हणूनच हिरामणला काहीतरी झालंय हे मला नऊ महिने कळलं नाही. त्याचा हात हलत नव्हता.

हिरामण अठरा वर्षांचा असताना माझ्याकडे साचे पुसायला आला. आज चाळिशीला टेकलाय. पूर्वी हा माणूस महाबोलका. रंगवायला ओळीने मांडलेल्या मूर्ती बघून म्हणायचा, 'हा बघा आमचा सरपंच, पोट बघा, हा पोस्टमन, हा आमचा सासरा, रुसलेला.' बायका रंग देता देता हसायच्या आणि मी ओरडायचो, की तोंडं कमी चालवा. देव कधी कधी नको ते ऐकतो. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैनंतर हिरामणचं तोंड बंद झालं, आणि खरं सांगतो, मला ते बरंच वाटलं. काम वाढलं होतं.

त्या जुलैत पुण्याला माल निघाला होता. टेम्पोत मूर्तींच्या मधल्या फटीत पेंढा कोंबतात आणि एक माणूस मागे बसतो, हादऱ्याने मूर्ती सरकली तर हात लावायला. आखणीवाला पुढे बसतो, कारण पोचल्यावर कुठे रंग खरवडला असेल तर तो त्यालाच नीट करायचा असतो. पुढे हिरामण होता. मागे कारखान्यातला सुजय बसणार होता, पण त्याला ताप भरला म्हणून ऐन वेळी प्रविण चढला. प्रविण सव्वीस वर्षांचा. माझ्याकडे साचे भरायचा आणि हिरामणच्या पाठी सावलीसारखा असायचा. खोपोलीच्या अलीकडे एका वळणावर समोरून ट्रेलर अंगावर आला. ड्रायव्हर जनूने टेम्पो बाजूला दाबला आणि टेम्पो भाताच्या शेतात आडवा झाला. जनूच्या डोक्याला टाके पडले. हिरामण खरचटण्यावर निभावला. प्रविण पेंढ्याखाली सापडला, तेव्हा तो गेलेला होता.

बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हिरामण कामावर आला. सीझन तोंडावर होता. रडला नाही, बोलला नाही, ब्रश धुतला आणि बसला. त्या दिवशी त्याने ऐंशी मूर्तींची आखणी केली. मी गावभर सांगत सुटलो, की गडी कसा घट्ट आहे बघा. प्रविणची आई धोंडुबाई देवळाजवळ राहते. हिरामण तिच्या दारावरून जाणं टाळून शेताच्या बांधावरून फिरून येतो हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं. त्याची बायको अनिता एकदा म्हणाली होती, "शेठ, घरात माणूस हाय का भिंत, तेच कळत नाय." मी म्हटलं, "पितो का?" ती म्हणाली, "नाय." मी म्हटलं, "मग काय तक्रार तुझी?"

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने पोरीला मारलं.

मनस्वी तेव्हा दहा वर्षांची. आमच्याकडे बायका छोट्या कच्च्या मूर्ती घासायला घरी नेतात. शाळेला सुट्टी लागली होती, आईला हातभार म्हणून पोरीने ओटीवर गोणपाट अंथरलं आणि पाठी घासायच्या म्हणून वीसेक मूर्ती ओळीने उपड्या घातल्या. मोठं माणूस असं करत नाही. आमच्यात मूर्ती तोंडावर पाडून ठेवत नाहीत, पाठ घासायची तरी मांडीवर आडवी घेतात. पण पोर ते, तिला काय. हिरामण जेवायला घरी आला आणि त्याला ती ओळ दिसली. दाराशी लाकडी पट्टी होती. अनिता विहिरीवरून धावत येईपर्यंत पोरीची भुवई फाटली होती आणि एका कानाने तिला ऐकू येत नव्हतं. हिरामण मूर्ती सरळ करत होता. एक एक. अनिता सांगते, की पोरगी किंचाळत होती आणि तिच्या बापाला ते ऐकूच येत नव्हतं.

अनिता पोरीला घेऊन त्याच संध्याकाळी रोह्याला माहेरी गेली. गावात बैठक बसली. चार डोकी जमली आणि सगळ्यांनी एकच सूर लावला, की बापाने पोरीला दोन फटके दिले तर घर सोडून जायचं काय कारण. त्या चार डोक्यांतलं एक माझं होतं. मीच सगळ्यांत मोठ्याने बोललो असेन.

रोह्याच्या दवाखान्यात पोरीच्या भुवईला टाके घातले. कान आठवड्याभराने सुधारला. पण पोरगी बोलेना. तिथल्या नर्सने तिला ऋतुजा मॅडमकडे पाठवलं. ही बाई मानसशास्त्रज्ञ. आठवड्यातले काही दिवस रोह्याला एका संस्थेच्या खोलीत बसते आणि काही दिवस पेणच्या सरकारी दवाखान्यात. आमच्याकडे तिला डोक्याच्या बाई म्हणतात. पंधरा दिवसांनी तिचा मला फोन आला, की हिरामणला पेणला पाठवा. मी म्हटलं, "बाई, त्याचा हात बघायला या एकदा. डोकं फिरलेल्या माणसाची रेघ अशी येत नाही." ती म्हणाली, "रेघ मी नंतर बघेन. आधी त्याला पाठवा."

हिरामण एकटा जाईना, म्हणून मी सोबत गेलो. वाटलं होतं, बाई त्याला समजावेल, चार शब्द सुनावेल आणि पोरगी घरी येईल. तिने समजावलं काहीच नाही. पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, "तुम्हाला कुणाला मारावंसं वाटतं का? स्वतःला संपवावंसं वाटतं का?" मी खुर्चीत ताठ झालो. असलं कोणी तोंडावर विचारतं? मला वाटलं, नसलेलं याच्या डोक्यात घालतेय. हिरामण म्हणाला, "मारावंसं नाय वाटत. काहीच वाटत नाय. जेवलो का नाय ते पण अनिताला विचारायला लागायचं." तिने ते लिहून घेतलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

तिचा एक नियम मला भारी टोचायचा. रोह्याला पोरगी काय बोलते ते ती पेणला सांगायची नाही, आणि पेणचं रोह्याला न्यायची नाही. मी दोन-तीनदा खोदून पाहिलं. "पोरगी यायला तयार आहे का, एवढंच सांगा." ती हसून म्हणायची, "शेठ, चहा घेतलात?" असल्या बाईपुढे माझ्यासारख्याने काय करायचं.

सुरुवातीला ती चुकली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तिने हिरामणला श्वासाचा व्यायाम दिला. श्वास घ्या, आत धरा, सावकाश सोडा. हिरामणला तो पहिल्या दिवसापासून उत्तम जमला. बाई खूश. पण तो घरी जाऊन ओटीवर बसला की तीन-तीन तास हलायचा नाही, हाक मारली तरी नाही. मी फोनवर चिडलो, की तुमच्या औषधाने माणूस होता त्याहून दगड झालाय. दुसऱ्या दिवशी ती बसने जोह्याला आली. कारखान्यात स्टूल घेऊन तासभर हिरामणचं काम बघत बसली. आखणीवाला रेघ ओढताना श्वास धरतो. छाती हलली तर हात हलतो, म्हणून डोळ्याची वरची कड पुरी होईपर्यंत श्वास आत. हिरामण वीसेक वर्षं हेच करत आलाय, दिवसाला शेकडो वेळा. ते बघून बाईने कपाळावर हात मारला. "धरायचं त्यांना आधीच येतं," ती म्हणाली. "बाकी सगळं बाहेर ठेवायला ते हेच करतायत, आणि मी तेच परत शिकवलं." मग तिने व्यायाम बदलला. एक रेघ झाली की श्वास तोंडाने सोडायचा, आवाज करून, सगळ्यांना ऐकू येईल असा. पाय जमिनीवर दाबायचे आणि आजूबाजूला दिसतं त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. आठवडाभर कारखान्यात बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हैस फुसकारते तसा आवाज यायचा. पण माणूस हाकेला ओ द्यायला लागला.

माझ्यावरही तिने काम टाकलं. हिरामणचा हात उठायच्या आधी त्याचे कान गरम होतात आणि पेंढा चुरडल्याचा आवाज येतो, हे दोघांनी मिळून शोधून काढलं होतं. तसं झालं की त्याने जिथे असेल तिथून उठायचं, हातात काही असेल तर खाली ठेवायचं, बस थांब्यावर जाऊन बसायचं आणि मला फोन करायचा. मी फक्त विचारायचं, कुठे आहेस, समोर काय दिसतंय. "सल्ला द्यायचा नाही," बाई म्हणाली. मला सल्ला न देता बोलायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. पण केलं. मे महिन्यात त्याचे सात फोन आले. "कुठे हायस?" "थांब्यावर." "समोर काय दिसतं?" "बोर्ड. कुत्रा. आदेशची रिक्षा." मग तो उठून घरी निघेपर्यंत मी फोन कानाला धरून बसायचो.

जूनमध्ये एकदा हिरामणने बाईंना सांगितलं, की एक गोष्ट बोलायचीय पण ती दोनदा बोलता येणार नाही, म्हणून शेठना आत बसवा. मी आत बसलो. पंखा चालू होता, खिडकीबाहेर रांगेतली माणसं नंबरावरून भांडत होती. हिरामणने जमिनीकडे बघत, पुण्याचा पत्ता सांगावा तसं सगळं सांगितलं.

टेम्पो आडवा झाल्यावर तो दारातून वर चढून बाहेर आला. मागचा ताडपत्रीचा भाग फाटला होता आणि मूर्ती चिखलात पडल्या होत्या, बऱ्याचशा तोंडावर. "मी उचलायला लागलो," तो म्हणाला. "एक उचलली, बांधाला टेकवली. मग दुसरी. मोठी होती ती एकट्याला उचलत नव्हती, तरी उचलली. अकरा उचलल्या. मला वाटलं, प्रविणने उडी मारली असंल, इकडंच कुठं तरी असंल. बारावी उचलायला गेलो तर पेंढ्यातून त्याचा पाय दिसला."

मला वाटलं, आता म्हणेल, की यात तुमची काही चूक नाही. मी तर तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. तिने हाताने मला थांबवलं आणि त्याला विचारलं, "उपडी मूर्ती दिसली की तुमचा हात काय करतो?"

"उचलतो."

"विचार करून?"

"नाय. लहानपणापासूनच. हात आपोआप जातो."

"त्या दिवशी तुम्ही विचार करून ठरवलंत, की आधी मूर्ती, मग प्रविण?"

"नाय," तो म्हणाला. "पण तो जित्ता असंल तर? अकरा मूर्तींना किती वेळ लागला असंल, बाई?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या कागदात ते नाही. ते कधीच कोणाला कळणार नाही. खोटं सांगून मी तुम्हाला बरं वाटू देणार नाही."

पुढे दर आठवड्याला तो ते सगळं पहिल्यापासून सांगायचा. त्याच क्रमाने, शेत, चिखल, पहिली मूर्ती, दुसरी मूर्ती. मी बाहेर बसून असायचो. तो बाहेर यायचा तेव्हा शर्ट घामाने भिजलेला असायचा. ऑगस्टमध्ये तो धोंडुबाईच्या दारावरून सरळ गेला. थांबला नाही, पण गेला.

विसर्जन झाल्यावर बाईने रोह्याला भेट ठरवली. पोरीच्या अटी होत्या. दार उघडं पाहिजे. आई शेजारी पाहिजे. पप्पांनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि उठायचं नाही. हिरामणने मला सोबत बोलावलं होतं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो, तिथून सगळं दिसत होतं. मनस्वी निळ्या फ्रॉकमध्ये होती. भुवईत पांढरी रेघ राहिली होती. इकडच्या शाळेत नाव घातल्याला तिला तीन महिने झाले होते.

मला मनातून खात्री होती, की आज पोरगी आमच्याबरोबर परत येणार. मी घरून निघताना तिची सायकल पुसून ठेवायला सांगितलं होतं.

हिरामण म्हणाला, "मनू, मी तुला पट्टीने मारलं. तू काय पण चुकीचं केलं नव्हतंस. मूर्ती उपड्या घातल्यास म्हणून कोणी मारत नाय. मी मारलं." एवढंच बोलला. 'मला कळलं नाही', 'माझं डोकं ठिकाणावर नव्हतं', 'प्रविण गेला होता', यातलं तो काहीच म्हणाला नाही. बाईने ते सगळं आधी काढून टाकायला लावलं असणार.

पोरीने विचारलं, "परत माराल?"

मी बाकावरून मनातल्या मनात ओरडलो, नाही म्हण बाबा, शपथ घे, संपव एकदाचं.

"माहीत नाय," हिरामण म्हणाला. "एप्रिलपासून कोणावर हात उचलला नाय. मनात आलं की मी बाहेर जाऊन बसतो. पण कधीच मारणार नाय असं मी तुला आज सांगू शकत नाय."

पोरीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "मग मी नाय येत," ती म्हणाली.

"बरं," हिरामण म्हणाला. आणि खुर्चीतच बसून राहिला. त्याने तोंडाने श्वास सोडला, तो फुसकारा, आणि पोरगी दचकली, मग तिला थोडं हसू आलं. अनिता म्हणाली, "शनिवारी येत जा, बसायला. एक तास." पोरीने त्याला नाही म्हटलं नाही.

बाई बाहेर आली तशी मी तिच्यावर घसरलो. पाच महिने पेणच्या खेपा, सीझनमध्ये माझा सगळ्यात चांगला माणूस दर आठवड्याला अर्धा दिवस गायब, आणि शेवटी काय, तर पोरगी येत नाही म्हणे. बाईने पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले.

"शेठ, तिने त्यांना तोंडावर 'नाही' म्हटलं," ती म्हणाली. "आणि कोणी मारलं नाही. मला आज एवढंच पाहिजे होतं."

रोह्याच्या स्टँडवर आम्ही पेणच्या गाडीची वाट बघत बसलो. हिरामणने दोन चहा आणले. दहा वर्षांच्या पोरीपुढे या माणसाने जे केलं ते सरळ सांगितलं होतं, कारण न देता. आणि मी त्याच्या शेजारी चहा पीत होतो.

एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही. टेम्पो आडवा झाल्यावर हिरामणने त्या चिखलात उभं राहून पहिला फोन मला केला होता. "शेठ, टेम्पो पलटी झाला." मी विचारलं, "मूर्ती?" तो म्हणाला, "उपड्या पडल्यात." मी म्हटलं, "आधी त्या उचल. बाकी मग बघू." आणि फोन ठेवला. बाईंच्या खोलीत त्याने शेत सांगितलं, चिखल सांगितला, अकरा मूर्ती सांगितल्या. फोनचं सांगितलं नाही. मी गुडघे आवळून बसलो होतो, की आता सांगेल, आता सांगेल.

"हिरामण," मी म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मीच म्हटलं होतं, आधी मूर्ती उचल."

"व्हय."

"बाईंना का नाय सांगितलंस?"

"ते तुमचं हाय. मी कशाला सांगू?" त्याने रिकामा कप बाकाखाली ठेवला. "आणि सुजयला ताप व्हता. तुम्हाला वाटलं असंल, मागं कोणीच नाय."

इथे मला गप्प बसता आलं असतं. त्याने दार उघडून दिलं होतं, मी निमूट बाहेर पडलो असतो तर कोणाला कळलं नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "प्रविणला मीच मागे चढवला. तो नको म्हणत होता, त्याला घरी काम होतं."

हिरामण माझ्याकडे बघत राहिला. रागावला का, मला कळलं नाही. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा वाचायची मी कधी तसदी घेतली नव्हती. गाडी लागली, आम्ही चढलो, मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. गाडी स्टँडच्या बाहेर पडली. माझे हात थरथरत होते, म्हणून मी ते मांडीखाली घातले. त्याने ते पाहिलं.

"बाई मंगळवारी पेणला असतात," तो म्हणाला. "मी येतो सोबत."